तांबूस टाळूचा चिमणा

चिमण्यांवर दगड मारण्यात माझा हात धरणारं आमच्या शिवारात कुणी नव्हतं. हे मी आजही मिरवून सांगते, आणि सांगितलं की माझी भाची तोंड वाकडं करते. तिला तिची आत्या म्हणजे दुर्बीण गळ्यात अडकवून पहाटे धरणाच्या काठानं फिरणारी बाई एवढीच ठाऊक. पण कुंडलच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला आमचं रान होतं. खाली विहिरीच्या पाण्यावर ऊस आणि हळद, वर माळाला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. शाळू दुधात आला की चिमण्या थव्यानं उतरायच्या आणि मला माळ्यावर चढावं लागायचं. चार खांबांवर बांधलेला तो माळा, पायाखाली कडब्याच्या पेंढ्या, एका कोपऱ्यात दगडांचा ढीग आणि हातात गोफण. दगड चिमणीला लागायचा नसतो, तिच्या पलीकडं पडायला हवा, म्हणजे थवा आपल्याच रानात घिरट्या न घालता बांध ओलांडतो, हे मला आईनं शिकवलं. आईचा दगड हवा तिथं पडायचा. माझा तिच्याहून थोडा लांब जायचा, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

आमचं घर आवाजांवर चालायचं. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा रेडिओ पहाटे खरखरायला लागला की उठायचं, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला की जेवायला बसायचं, आणि खालच्या रानातून मोटार सुरू झाल्याची घरघर आली की लाइट आली असं समजायचं. त्या काळात विजेचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ असे. थंडीत न्याहारीला शाळूची तव्यावरची भाकरी, तिच्या पापुद्र्यात भरलेलं लसणीचं तिखट आणि वर घट्ट दही. ते खाऊन मी तासभर माळ्यावर चिमण्या हाकायची आणि मग गोफण खुंटीला लावून, केस विंचरून, सांगलीच्या कॉलेजला जाणारी एसटी पकडायची. कॉलेजात गेल्यावर मी पक्षिमंडळात होते. सकाळी ज्यांना हुसकायचं, दुपारी त्यांच्यावर टिपणं काढायची, यात मला तेव्हा काहीच विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर आताही वाटत नाही. शत्रूला जेवढं बारकाईनं बघतो तेवढं आपण पाहुण्याला कुठं बघतो?

मंडळ चालवायचे बर्वे सर. ते वाईचे, बोलणं हळू, बूट कायम पुसलेले. त्यांच्याकडे एक जाड नोंदवही होती. दोन्ही जिल्ह्यांत, साताऱ्यात आणि सांगलीत, कुणाला कुठला पक्षी कधी दिसला ते तिच्यात लिहिलं जायचं, आणि वर्षाअखेरीस ती वही साताऱ्याला नानांकडे जायची. नाना म्हणजे सरांचेही गुरू. वय झालेलं, कान तल्लख आणि जीभ त्याहून. त्या वहीत आपल्या नावानं एखादी नवी ओळ पडावी, ही माझी त्या वयातली सगळ्यात मोठी हाव होती. सोन्याच्या बांगड्या कुणी देऊ केल्या असत्या तरी मी वहीच मागितली असती.

त्या हावेपायीच माझं हसं झालं. तो तांबूस चिमणा दिसला त्याच्या आदल्या वर्षी हळद शिजवून वाळवून झाली होती आणि आमच्या खळ्यावर पॉलिशचा ड्रम फिरत होता. हळकुंडं त्यात घासली जातात आणि पिवळा भुगा सगळीकडं उडतो. गोठा, झाडं, माणसाच्या भुवया, सगळं पिवळं. तिथंच मला एक चिमणी दिसली, मानेपासून शेपटीपर्यंत पिवळीधमक. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सरांनी नानांना कळवलं. पुढच्या रविवारी नाना साताऱ्याहून, सर आणि मंडळातली सात-आठ पोरं सांगलीहून, असा सगळा ताफा आमच्या खळ्यावर आला. पिवळी चिमणी आली, सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या, आणि त्या भवानीनं सगळ्यांदेखत जनावरांच्या पाण्याच्या डबक्यात उडी मारली. चार वेळा पंख फडफडवले आणि बाहेर आली ती आपली साधी, मळकट, घरातली चिमणी. हळदीच्या भुग्यात लोळून आली होती बिचारी. नानांनी फक्त दुर्बीण पिशवीत ठेवली. पोरं मात्र पुढं महिनाभर बोलत राहिली. "वैशाली, तुझ्या चिमणीला हळद लागली, तुला कधी लागणार?"

हसण्याचं मी मनावर घेतलं नाही. मनाला लागला तो नियम. सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं की एकट्यानं पाहिलेल्या पक्ष्याची नोंद घेतली जाणार नाही, दुसऱ्या कुणीतरी पाहायला हवा. नियम सगळ्यांना होता, पण लागू मला एकटीला व्हायचा. दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं की सर म्हणायचे, "हो का? छान." मी सांगितलं की म्हणायचे, "अजून कुणी होतं का बरोबर?" एकदा पुलाखाली मी खंड्या बघितला, साधा खंड्या, तरी तो प्रश्न आला. वर्षभर मी जे बघितलं ते कुणाच्या तरी डोळ्यांनी पुन्हा बघावं लागलं. माणसाला खोटं म्हणत नाहीत आणि खरंही म्हणत नाहीत, ही फार वाईट जागा असते. मला त्यातून बाहेर पडायचं होतं.

आणि मग संक्रांत होऊन गेल्यावर, एका सकाळी, शाळूच्या उगवतीकडच्या पट्टीत थवा उतरला. मी गोफण फिरवली, दगड सुटला, थवा उठला आणि एक चिमणा उठलाच नाही. आमच्या चिमण्या आवाज ऐकला की एकदम उठतात, एकीच्या मागं दुसरी असं नसतं. हा मात्र कणसावर बसून राहिला, मान वळवून बघितलं, आणि मग सावकाश, परक्या गावातून वाट विचारत निघाल्यासारखा, इतरांच्या मागून गेला. मी दुसरा दगड गोफणीत घातला होता तो तसाच राहिला. थवा फिरून आला, तो पुन्हा त्याच पट्टीत बसला, माझ्यापासून दहा-बारा हातांवर. डोकं सगळंच्या सगळं तांबूस. आपल्या चिमण्याच्या टाळूवर राखाडी पट्टा असतो, तांबूस रंग फक्त कडेला. ह्याला राखाडी कुठंच नाही. गाल पांढरे स्वच्छ. आणि गळ्याची काळी दाढी गळ्याशी न थांबता छातीवर उतरलेली, तिथून दोन्ही कुशींवर काळ्या रेघा, ओळीनं आखलेल्या.

त्या दिवशी एसटी चुकवली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी पुस्तकं चाळली आणि मला तो सापडला. स्पॅनिश चिमणी. हिवाळ्यात राजस्थान-पंजाबकडे थव्यानं उतरते असं लिहिलं होतं. आमच्या बाजूला ती असल्याचं कुठंच नव्हतं. पुस्तक मिटलं आणि मला आधी भीती वाटली. पुन्हा जर हळद निघाली, तर त्या वहीत मला जन्मात जागा नव्हती. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. आज मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपात कुणी काही टाकलं की पहिला प्रश्न येतो, फोटो आहे का. तेव्हा घरी आबांकडे एक मोबाइल होता, पण तो फक्त बोलायचा, त्याला बघता येत नव्हतं. मी सरांपुढे जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सरांनी टेबलावरची धूळ बोटानं पुसली. "अजून कुणी होतं का बरोबर?"

"नाही सर. पण तो तिथंच येतोय. तुम्ही रविवारी या."

"नानांना कळवू नकोस," सर म्हणाले, आणि मला कळलं की ते येणार.

रविवार चार दिवस लांब होता. तोवर चिमणा टिकायला हवा होता, म्हणून मी आईला सांगितलं की उगवतीच्या पट्टीत दगड टाकायचा नाही. मला ताप तर नाही ना, अशी नजर आईनं माझ्याकडं टाकली. आबा दाढी करत होते, आरशातूनच म्हणाले, "म्हंजी चिमण्यांनी खाऊ द्यायचं? आन आपुन बगत बसायचं?"

"चारच दिवस, आबा."

"तुज्या सराला सांग, यंदाचा हुरडा चिमण्यांनी खाल्ला. त्यानला पुढच्या साली." पण त्या चार दिवसांत त्या पट्टीत दगड पडला नाही. आबा स्वतः तिकडून गेले तरी पाखरं हाकायचा पत्र्याचा डबा वाजवत नसत. आबांचं प्रेम हे असं होतं, ते न केलेल्या गोष्टींत शोधावं लागायचं.

रविवारी सर पहिल्या गाडीनं आले. आईनं चहा आणि शेंगदाण्याचा लाडू दिला, आणि आम्ही बांधावर जाऊन बसलो. सकाळचे नऊ झाले, दहा झाले. थवे आले, गेले. तो नव्हता. शेजारच्या रानातले तुकातात्या, ज्यांना कुणाच्याही बांधावर चार माणसं दिसली की राहवत नसे, येऊन टेकले. मी सरांना पुन्हा त्या काळ्या रेघा समजावून सांगत होते तेवढ्यात तात्या म्हणाले, "आवं सर, त्यात काय एवढं. काणी लागलीया चिमणीला."

सरांना काणी माहीत नव्हती. तात्यांनी खुशीत सांगितलं की शाळूच्या कणसाला रोग पडला की दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, बोट लावलं की बोट काळं. चिमणीनं त्यात तोंड घातलं की गळा, छाती, सगळं काजळतं. "मागं ती हळदीची झाली न्हवं? आता ही काणीची. पोरीची नजर लय चांगली हाय, पर चिमण्याच घाणीत लोळत्यात त्याला ती काय करणार?"

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी दुर्बिणीची टोपणं खिशातून काढली आणि एकेक करून भिंगांवर लावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी उन्हावर ढकललं. कारण तात्या म्हणत होते ते अशक्य नव्हतं. मला स्वतःला ते सुचलं नव्हतं, याचीच मला जास्त लाज वाटली.

पण आईनं ऐकलं होतं. ती बांधाच्या पलीकडं गवत कापत होती. विळा तसाच हातात घेऊन ती उठली. "कुणाच्या रानात काणी, तात्या?"

"न्हाई, म्हंजी मी आपलं..."

"बी मी सोता गंधक चोळून पेरलंय. ह्या हातानं. सर, उठा. चला माज्यासंगं, आन एक कणीस काळं दावा. एक."

आणि खरोखरच तिनं सरांना शाळूत घातलं. पुढं आई, मागं सर, त्यांच्या मागं मी आणि सगळ्यात मागं तात्या, अशी वरात निघाली. शाळूची पाती सरांच्या चष्म्यावर फटके मारत होती, पुसलेले बूट धुळीनं भरले होते. आई प्रत्येक चार पावलांवर एक कणीस वाकवून सरांच्या नाकाशी धरायची. "बगा. हाय काळं?" सर म्हणायचे, "नाही." पुढं पुन्हा. अख्ख्या रानाला फेरा झाला, काणीचं एक कणीस निघालं नाही. बाहेर पडल्यावर सरांनी घाम पुसला आणि सरळ विचारलं, "पण शेजारच्या रानात असली तर? चिमण्या तिकडूनही येतात."

शेजारचं रान तात्यांचंच होतं. तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "हाय थोडी," ते म्हणाले.

आई जिंकली होती, पण मी होते तिथंच होते. काणी तात्यांच्या रानातून उडून आली असेल, तर सरांना परत जायला एवढं पुरे होतं. मी शाळूकडं बघत उभी राहिले आणि मला ते डबकं आठवलं. ज्या पाण्यानं माझी अब्रू घेतली होती, त्याच पाण्याला हाक मारायची वेळ आली होती. हळद धुऊन गेली तशी काणीही धुऊन जाईल. आणि जर नाही गेली, तर ती काणी नव्हे.

"सर, बारापर्यंत थांबा," मी म्हटलं. "लाइट आली की पाट सुरू होतो. थवा पाण्यावर येतो, बाभळीखाली. रोज येतो. त्याला अंघोळ करू दे, मग तुम्ही सांगा."

सरांनी घड्याळ बघितलं. परतीची गाडी साडेबाराची होती, त्यानंतरची थेट संध्याकाळी. ते बाभळीच्या समोर, बांधाच्या आड बसले. टोपणं पुन्हा खिशात गेली. आबा विहिरीवर स्टार्टरपाशी उभे राहिले. बारा वाजले, लाइट आली नाही. सव्वाबारा. साडेबाराची गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. सर हलले नाहीत. मग खालून घरघर आली आणि पाटाच्या कोरड्या मातीवरून, काडीकचरा पुढं ढकलत, पाणी आलं.

आधी दोन चिमण्या उतरल्या, मग दहा, मग सगळा थवा. बाभळीच्या मुळाशी पाट पसरट होतो, तिथं घोट्याइतकं पाणी साचतं, आणि त्यात अशी झुंबड उडाली, जशी लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढपाला उडते. मी एकेक चिमणा तपासत होते. राखाडी टाळू. राखाडी टाळू. राखाडी. आणि मग काठावर, सगळ्यांच्या मागं, तांबूस.

"डावीकडून," मी कुजबुजले, "दगडाजवळ. तो."

तो पाण्यात शिरला. घाई नव्हतीच त्याला. आधी चोच बुडवली, मग छाती, मग पंखांनी पाणी पाठीवर घेतलं, पुन्हा छाती, पुन्हा पाठ. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, नीट धू रे बाबा, कानामागं पण धू. मग तो उडाला आणि बाभळीच्या उन्हातल्या फांदीवर, आमच्याकडं तोंड करून बसला. नखशिखांत भिजलेला. गाल आणखी पांढरे झाले होते. टाळू ओल्या विटेसारखी तांबडी. आणि रेघा होत्या. छातीवर होत्या, दोन्ही कुशींवर होत्या, ओल्या होऊन आधीपेक्षा काळ्याभोर, एकही ओळ विस्कटलेली नाही.

सरांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली, काच पुसली, पुन्हा लावली. ते म्हणाले, "धुतली गेली नाही." मग दुर्बीण त्यांनी माझ्याकडं न देता आईपुढं धरली. आईनं विळा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि दुर्बीण आधी उलटीच लावली. सरळ करून दिल्यावर बराच वेळ बघत राहिली. "ही काणी न्हाई," ती म्हणाली. "ही त्येची सोताची नक्षी हाय. तात्या, या, बगून घ्या."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. मी बरोबर होते. एवढंच मनात फिरत होतं, बैलगाडीच्या चाकासारखं गोल गोल, मी बरोबर होते. आबा विहिरीवरून चालत आले, त्यांनीही डोळा लावला आणि अगदी सहज म्हणाले, "हां, ह्ये व्हय. राजस्थानला ढिगानं असत्यात ह्या. आमच्या तंबूवर बसायच्या."

"आबा! मग चार दिवस बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कवा? मला म्हणालीस दगड टाकू नगा. न्हाई टाकला."

दुसऱ्याच दिवशी सर मला साताऱ्याला नानांकडे घेऊन गेले. नाना आरामखुर्चीत बसले होते. सरांनी बोलायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "बर्वे, तुमचं मागाहून. आधी मुलीला सांगू दे." आणि मग त्यांनी मला उभं-आडवं विचारलं. टाळूचा मध्य कसा? पाठ कशी? चोच? उडाला तेव्हा पंखावर काय दिसलं? कणसावर वरून बसतो की बाजूनं? जे बघितलं होतं ते मी सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मादी होती बरोबर?"

"असेलही," मी म्हटलं. "मला ओळखता आली नसती. आपल्या माद्यांत ती मिसळली असेल तर मला कळली नाही."

नानांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "मलाही नसती आली," ते म्हणाले. त्यांनी सरांकडून वही घेतली, स्वतःच्या हातानं तारीख घातली, पक्ष्याचं नाव लिहिलं, आणि मग लेखणी माझ्यापुढं केली. गाव आणि रान मी लिहिलं. शेरा लिहायच्या रकान्यात, आईनं निघताना बजावून सांगितल्याप्रमाणे, 'शाळूवर काणी नाही' असंही लिहिलं. नाना ते वाचून मोठ्यानं हसले, पण खोडलं नाही. उलट म्हणाले की ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

तो चिमणा आमच्याकडं आणखी आठवडाभर राहिला. सांगलीहून, साताऱ्याहून माणसं आली, आईनं सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांना रानाचा फेरा घडवला. मग शाळू काढायला झाला आणि तो गेला. पुन्हा कधी दिसला नाही. उगवतीच्या पट्टीतली कणसं चिमण्यांनी पोकळ केली होती, ती आबांनी म्हशीला घातली.

पण मला आज सांगायचं होतं ते त्यानंतरचं आहे. पंधरा-एक दिवसांनी, एसटी बंद पडली म्हणून मी अर्ध्या वाटेत उतरून चालत होते. रस्त्याकडेच्या गव्हात मला एक करड्या मानेचा भारीट दिसला. फार मोठी गोष्ट नव्हे. पण आमच्या भागात त्या हंगामात कुणी पाहिलेला नव्हता. जवळ चिटपाखरू नव्हतं, म्हणजे ते एक पाखरू सोडून. कॉलेजात पोचल्यावर मी सवयीनं सरांपुढं उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मी एकटीच होते. पण जागा सांगते, तुम्ही कुणालातरी पाठवा, नाहीतर रविवारी स्वतः या."

सर उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हातानं नोंदवही माझ्याकडं सरकवली.

"कशाला? तू पाहिलास ना?"

"हो सर."

"मग लिही."